दुसऱ्या भागाचं परीक्षण

एका व्हिडिओ गेमचा पहिला भाग आला तेव्हा अकोल्याचा तनवीर आपल्या चॅनलसाठी त्याचं परीक्षण रेकॉर्ड करत होता. मध्येच टेबलावरचा फोन थरथरला. वलगावचा दोस्त किशोर होता. रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून तनवीरने उचलला नाही. संध्याकाळी किशोरचं प्रेत विहिरीतून काढलं.

आज दुसऱ्या भागाची पाळी. फोन बंद करून त्याने आधीच बहिणीकडे दिला होता. पडद्यावरचा नायक दोरीने विहिरीत उतरू लागला, तसं टेबल थरथरलं.

“नगमा, माहा फोन?”

“माह्याजवळच हाये, भाऊ. बंद हाये.”

त्याने आत्ताचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. थरथर त्यातही होती. ती थांबली आणि त्याचाच आवाज म्हणाला, “बोल किशोर, ऐकून राहिलो.”

तो तर असं बोललाच नव्हता.

पलीकडून कुणीतरी बोलायला श्वास घेतला. तनवीरने घाईघाईने रेकॉर्डिंग बंद केलं.

टेबल पुन्हा थरथरू लागलं.