रिकाम्या गाडीचं वजन

साखर कारखान्याच्या काट्यापुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. सुरेखाच्या गाडीपुढे आता एकच गाडी होती. ती गाडीच्या सावलीत उकिडवी बसली होती आणि दर दोन मिनिटांनी मोबाईल काढून बघत होती. चार वाजून गेले होते. तिचा नवरा अंगद बैलांना पाणी पाजून आला आणि म्हणाला, "वाजंल की. असं बघून वाजतो व्हय फोन?"

तेवढ्यात वाजलाच.

फोन तिसगावच्या वसतिगृहातून होता. आईबाप ऊसतोडीला निघाले की मागं राहिलेली पोरं तिथं राहून शाळा शिकतात. सुरेखाची सृष्टी आठवीत, दिवाळीपासून तिथंच. एरवी आईबापांना फोन करायचा तो फक्त रविवारी. पण निकिता मॅडमनी बीजगणितात गृहपाठ दिला होता : आईवडिलांच्या कामावरून एक समीकरण तयार करा, आकडे त्यांनाच विचारा. विचारायला स्वतःचा मोबाईलही दिला. त्याला आठवडा होऊन गेला, रोज चारला फोन होत होता, पण सृष्टीचं उदाहरण काही पुरं होईना. एवढी हुशार पोरगी, आणि नेमकं इथंच तिचं गाडं अडलं होतं.

"मम्मी, रिकाम्या गाडीचं वजन सहाशे किलोच ना?"

"सहाशेच. रोज तेच इचारती."

"पक्कं केलेलं बरं. भरलेली गाडी तीन हजार. मोळ्या एकशेवीस. एक मोळी एक्स किलोची. तर एक्स किती?"

"आदी रिकामी गाडी वजा कर. ऱ्हायला त्यो माल, त्यो मोळ्यांत वाट. ईस किलोची पडती मोळी."

"कसं गं सांगती इतकं पटकन?"

त्यात सांगायचं काय होतं? काट्यावर रोज तेच तर चालायचं. भरलेली गाडी तोलायची, ऊस उतरला की रिकामी तोलायची, राहील तो माल. सुरेखाची स्वतःची शाळा सहावीतच सुटली होती, असाच एक हंगाम आडवा आला म्हणून. एक्स वगैरे तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. पण आठवीतल्या पोरीनं आपल्याला विचारावं आणि आपल्याला ते यावं, याचं तिला फार अप्रूप. दुसऱ्या दिवशी ऊस तोडताना ती ते आकडे मनातल्या मनात घोळवत राहायची.

"आता असमानता," सृष्टी म्हणाली.

"ती आन् काय असती?"

"म्हंजे मधी बरोबरचं चिन्ह नसतं. आता बघ, बैलांना गाडीसकट तीन हजारांच्या वर ओढवत न्हाई. तर मोळ्या किती भरायच्या?"

"एकशेवीस."

"चूक! एकशेवीस, न्हाईतर त्याच्या खाली कितीबी. शंभर चालतंय, पन्नास चालतंय, दहा बी चालतंय. समदी उत्तरं बरोबर."

"दहा मोळ्या घिऊन ये म्हनाव काट्यावर. मुकादम पूजाच बांधंल तुजी."

पलीकडे सृष्टी खळखळून हसली. सुरेखानं मोबाईल कानाशी घट्ट दाबून धरला. हसताना पोरगी तोंडावर हात धरते, ते तिला इथून दिसलं. बाकीचं मात्र दिसेना. उंच झाली असेल का, वेण्या कोण घालून देतं, थंडीचं अंगावर काय घेते? एकदा तिला डोळे भरून पाहावं असं सुरेखाला इतकं वाटलं की समोरची रांग क्षणभर पुसट झाली.

मोबाईलमध्ये दुसऱ्याच कुठल्या पोरीचा आवाज आला. "ए सृष्टे, तुजं उदाहरन तर सोमवारीच तपासून झालं की! मॅडमनी फळ्यावर सोडवून घेतलं तुज्याकडून. आता कशाला फोन?"

 तेव्हा कुठं सुरेखाच्या ध्यानात आलं. आठ दिवस रोज तोच प्रश्न, रोज तेच सहाशे.

"अगं ए, ऊठ! आला नंबर," अंगदनं हाक मारली. पुढची गाडी काट्यावरून उतरत होती आणि मागचे गाडीवान ओरडायला लागले होते.

"मम्मी," सृष्टीचा आवाज बारीक झाला होता. "झालं माजं. ठिवू का?"

सुरेखा उठून उभी राहिली, मोबाईल कानाशीच.

"थांब. रिकामी गाडी सहाशे किलोची सांगितली व्हय मी?"

"व्हय."

"मंग चुकलं माजं. मॅडमला सांग, मम्मीनं आकडा चुकीचा दिला. समदं उदाहरन पयल्यापून करावं लागतंय आता. उद्या काट्यावर नीट बघून सांगती. चारला कर फोन."

अंगद हातात कासरा धरून तिच्याकडे बघतच राहिला. आपल्या गाडीचं वजन त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.  पण मागच्या गाडीवाल्याला त्यानं हातानंच जरा दम धरायला सांगितलं.



"मम्मी, उद्या बी चुकलं तर?"

"चुकंल की," सुरेखा म्हणाली.