दहावा बिघाड

"काका, वर्षभरात गाडी कितीदा बिघडली? खरं सांगा हं. मालक सांगतील तेच आम्ही मासिकात छापतो." स्पोर्ट्स कारवाल्यांच्या घरोघरी फिरणाऱ्या मुलीनं फॉर्म उघडला.

शरयूताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. दूध आणि गॅसच्या नोंदींतच त्या गाडीचे बिघाडही लिहीत. वर्षात दहा वेळा बिघडली तर ती लाल गाडी विकायची, असं त्यांच्या नवऱ्यानं, रावसाहेबांनी, पाडव्याला देवासमोर कबूल केलं होतं.

"क्लच दोनदा, बॅटरी तीनदा, गिअरबॉक्स, काच, पंखा." आठ बोटं मिटून रावसाहेब थांबले.

"सायलेन्सर विसरलात की," शरयूताई म्हणाल्या.

"बरं, नऊ." त्यांनी नववं बोट मिटलं. दहावा दोघांनाही पाठ होता.

तो जुलैच्या पानावर लाल शाईत होता: गगनबावडा घाट, टोचन लावून आणली. त्या दिवशी क्रेन यायला चार तास लागले होते. दोघं कठड्यावर बसून एकच कणीस वाटून खात होते, आणि तीस वर्षं कारखान्यापलीकडे न बोललेला हा माणूस आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होता. क्रेन आली तेव्हा एक गोष्ट अर्धीच राहिली होती.

"काकू, अजून काही?"

शरयूताईंनी जुलैचं पान उलटलं. "नाही गं. नऊच."

मुलगी फॉर्म मिटून निघून गेली.

"रविवारी घाटात जाऊ या," कॅलेंडर खिळ्याला अडकवत शरयूताई म्हणाल्या. "आणि त्या क्रेनवाल्याचा नंबर घरीच ठेवा."