मालकाचा पासवर्ड

वडिलांच्या माघारी छापखाना धाकटीनेच चालवला; दादाने फक्त नवा कॉम्प्युटर आणला. जुन्यातलं सगळं नव्यात भरून स्वारी गेली आणि दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटर अडून बसला. धाकटीने वायरी काढून खोचल्या, कीबोर्ड बदलला, तरी स्क्रीनवर एकच हट्ट: ‘मालकाचा पासवर्ड टाका.’ गिऱ्हाईक दारात खोळंबलेलं. तिने दादाला फोन लावला. “पासवर्ड माझ्याकडेच राहू दे. तू उगाच काहीतरी बिघडवशील. मी आहे ना, रोज फोन करत जा.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी दादा मित्रांना ‘आपला छापखाना’ दाखवायला आला. खिशातली किल्ली कुलपात शिरेना. त्याने ती पुसली, उलटी घातली, शेवटी शटरला लाथ हाणून फोन लावला. “कुलूप बदललंस? किल्ली कुठाय?” समोरच्या फुटपाथवरून धाकटी कडाडली, “माझ्याकडे. मी आहे ना! रोज फोन करत जा.”