रविवारची ओळ

"अनुया, ती ओळ पुन्हा गेली गं," सदाशिवराव फोनवर म्हणाले.

"असू दे बाबा. परत फाईल उघडा. एक्सपोर्ट लिहा, मग एक स्पेस..." लेक जर्मनीहून सांगू लागली.

रावेतच्या फ्लॅटमध्ये सदाशिवराव एका बोटाने टाइप करू लागले. अरुंधतीबाई गेल्यावर अनुयानेच हा लॅपटॉप लावून दिला होता. आईचे सगळे फोटो त्यात होते, आणि ते कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे सांगणारी एक ओळ सेटिंगच्या फाईलमध्ये होती. ओळ असली की फोटो दिसत, नसली की नुसता काळा पडदा. अनुयाला तिकडे बसूनही लॅपटॉप उघडता येई. पण ती म्हणे, "तुम्हीच करा, म्हणजे शिकाल."

दर रविवारी ओळ गेलेली असे, आणि ती टाइप होईपर्यंत तिकडचा बर्फ, इकडचा पाण्याचा टँकर, गुडघे, सगळं बोलून होई. एरवी फोन नसे. चाकणच्या कंपनीत जन्म घालवलेल्या या माणसाचा घरातही एक नियम होता: काम असेल तरच फोन करायचा. अनुयाला तो हॉस्टेलपासून पाठ होता. आता स्वतःच केलेला नियम मोडायचा कसा? आठवडाभर घर खायला उठे.

संध्याकाळी शेजारच्या सलिलने फाईल पाहिली. "काका, ओळ अशी आपोआप जात नसते. कोणीतरी पुसतंय." तो मिश्किल हसला.

सदाशिवराव खिडकीबाहेर बघू लागले. "राहू दे रे. वय झालं की चुका होतात."

"थांबा, फाईलला कुलूपच लावतो. आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाही."

"म्हणजे... कायमचं?"

"कायमचं!" सलिल खुशीत चहा पिऊन गेला. करायला गेला भलं बिचारा.

पुढच्या रविवारी फोटो झकास दिसले. अरुंधतीबाई आळंदीच्या घाटावर हसत होत्या. सदाशिवरावांनी फोन उचलला, परत ठेवला. काम काय सांगणार? जेवणाची वेळ टळून गेली. बायको गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी लेकीने आपणहून कधीच केला नव्हता.

"बाबा," अनुया रडवेली झाली होती, "त्या फाईलला काय केलंत? सकाळपासून बघतेय, मला ती ओळ पुसताच येत नाहीये."