इराचं आसन

घाटावरून उडताना रणधीरने बायकोच्या, उर्मिलेच्या, तोंडावर ठोसा मारला. रक्त शेजारी बसलेल्या तीन वर्षांच्या इराच्या फ्रॉकवर उडालं. वैमानिकाविना चालणारं त्यांचं हेलिकॉप्टर म्हणालं, "बाळाला धोका आहे." लगेच इराच्या आसनाभोवती कवच मिटलं आणि आसनासकट लेक बाहेर फेकली गेली. उर्मिलेने किंकाळी फोडली. मग दरीवर तरंगणारी केशरी छत्री दिसली आणि तिच्या जिवात जीव आला.

"मलाही सोड!" ती यंत्रावर ओरडली.

"ही सोय फक्त लहान मुलांसाठी आहे," हेलिकॉप्टर म्हणालं.

रणधीर हसला आणि त्याने तिचा गळा धरला. आजवर लेकीसमोर तमाशा नको म्हणून उर्मिलेने सगळं सोसलं होतं. तिने चाचपडत आग विझवायचं नळकांडं उपसलं आणि त्याच्या कपाळावर हाणलं. त्याची पकड सुटली, तरी ती थांबली नाही.