ताटभर भात

"भात आण. ताटभर," जनी म्हणाली.

रंभाकाकूला आधी वाटलं, चुकून बोलली. पेणच्या एसटी स्टँडामागे काकूचं हे लहानसं हॉटेल. पनवेलच्या डॉक्टरांकडून रोह्याला परतताना ही मायलेकरं गणपतीपासून इथंच जेवायची. आणि जेवायची म्हणजे काय! पहाटेचा डबा दुपारपर्यंत आंबायचा म्हणून हॉटेल, एवढंच. हर्षदच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. त्याला कोबी उकडायचा, पाणी फेकायचं, परत उकडायचा. मीठ नाही. पाणी दोन घोट. आणि त्याची आई जनी, तिला नाचणीची अर्धी भाकर आणि पालेभाजी. भात नाही, गोड नाही, तळलेल्याचं तर नावच नको. शेजारच्या टेबलावर लोक कोळंबीच्या सालींचा ढीग लावायचे आणि ही दोघं आपली मान खाली घालून पाला चघळायची.

जनीचं पथ्य लेकासाठी होतं. ती त्याला स्वतःची किडनी देणार होती. आधी वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईनं जिवाचं रान केलं. भावाच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत बसून तिनं जिलबीकडे ढुंकून बघितलं नाही.

"भात? आणि पथ्य गो तुझं?" रंभाकाकू हसली. "केवढी उतरलीस, झंपर बघ कसा लोंबतोय. ऑपरेशनची तारीख मिळाली वाटतं!"

"नाय मिळाली, काकू," हर्षद म्हणाला. "आईची चालत नाय."

सकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. साखरेनं तुमच्याच किडन्या कमजोर केल्यात, एक काढली तर तुमच्या जिवावर बेतेल. मुलाचं नाव नोंदवून ठेवू, दुसऱ्या कुणाची मिळाली तर कळवू. कधी, ते सांगता येत नाही. मग उठता उठता म्हणाले, मावशी, पथ्य मात्र सोडू नका. आता ते तुमच्या स्वतःसाठी करायचं.

"अरे देवा," रंभाकाकू म्हणाली. "एवढं करून?"

"एवढं करून. म्हणून सांगते, भात आण. बोंबील तळून आण. आणि त्या काचेतले गुलाबजाम हायत ना, ते पण आण."

मागितलेल्याला नाही म्हणायचं तरी कसं? रंभाकाकूनं आणून ठेवलं. भाताची वाफ टेबलावर पसरली. कितीतरी दिवसांनी जनीच्या नाकात तो वास गेला आणि तिला भूक लागली. भूक लागली याचाच तिला राग आला.

"आई, नको खाऊ."

"का नको? मी कुणासाठी पाळत होते रे? माझ्या एकटीसाठी करू आता? लाज वाटते मला. लेकाच्या कामाला आलं नाय ते शरीर. त्याला काय जपायचं?"

तिनं बोंबील मोडला, भातात कालवला.

हर्षदनं टेबलावरचा जग ओढला आणि पेला काठोकाठ भरला. पाणी म्हणजे त्याला विष. मागे एकदा राहवलं नाही म्हणून तांब्याभर प्यायला, तर छातीत पाणी भरलं होतं. उचलून दवाखान्यात न्यावा लागला.

"तू भात खा," तो म्हणाला. "मी पाणी पितो. लय दिवस झाले पोटभर प्यायलो नाय."

"हर्षद!"

त्यानं पेला तोंडाला लावला. जनीनं उष्ट्या हातानं त्याचं मनगट धरलं. पाणी सांडलं, भातात, बोंबलावर, तिच्या पदरावर. शेजारचे लोक जेवायचं सोडून वळून बघायला लागले. बघू देत. लेक सत्तावीस वर्षांचा, आई पन्नाशीची, आणि जोर आईच्याच हाताला जास्त होता. ते तिच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरले.

"ठेव तो पेला."

"आधी तू ताट सोड."

जनीनं दुसऱ्या हातानं ताट लोटलं. हर्षदनं पेला खाली ठेवला. त्याला धाप लागली होती. रंभाकाकूनं कुणाला न विचारता ताट उचललं, आत गेली आणि नाचणीची अर्धी भाकर आणि माठाची भाजी घेऊन आली. हर्षदचा कोबीही आणला. मग गल्ल्यावर न जाता तिथंच उभी राहिली.

जनी भाकरीकडे बघत बसली. तिचा हात पुढे होईना.

"म्हणजे तू गेल्यावर मी ठणठणीत राहायचं," ती म्हणाली. "असंच ना रे?"

"अभद्र बोलू नको गो," रंभाकाकू पुटपुटली.

हर्षदनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि आईच्या तोंडाजवळ नेला.

"व्हय," तो म्हणाला. "जेव आता. रोह्याची गाडी लागेल."