उशिरा येणारा जोर

“काका, तुमच्या पत्नी कुठं असतात?” संस्थेतून आलेल्या सिस्टरनं विचारलं.

अण्णा गप्प. चाकाच्या खुर्चीत कलंडलेले आणि नजर स्वतःच्या गॅरेजच्या उघड्या शटरकडे. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ती नजर बहुतेक तिथंच असायची. सिस्टर बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत बसली.

“बरं. मुलं किती तुम्हाला?”

अण्णांचा थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी समोरच उभी होती. थोरल्याच्या हातांना काळं ऑइल, धाकटीच्या हातात अण्णांच्या कपड्यांची पिशवी. दोघांचा जीव टांगणीला लागला होता. अण्णांना कळतंय असं दिसलं, तर ते घरीच राहणार आणि दिवसा मदतीला एक बाई येणार. नाही दिसलं, तर आत्ताच्या आत्ता, दारातल्या गाडीतून, वृद्धांच्या संस्थेच्या बंद वॉर्डात. संस्थेला धाकटीनंच कळवलं होतं. अण्णांचं करता करता ती पार वाळून गेली होती, आणि तिला कुणी दोष देत नव्हतं. ती स्वतः सोडून.

अण्णांचे ओठ हलले. “देवाघरी.”

धाकटीनं तोंडावर हात धरला. “ऐकलंस ना दादा? त्यांच्या लेखी आपण मेलो.”

सिस्टर वाईट नव्हती. तिनं थोरल्याकडे बोट दाखवलं. “काका, हा कोण?”

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. नुसतेच बघत राहिले. सिस्टरनं पेनाला टोपण लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, “तयारी करा.”

“जायच्या आधी एकदा गॅरेजमध्ये बसू दे त्यांना,” थोरला म्हणाला आणि खुर्ची ढकलत आत गेला. पण काम कुठं सुटतंय? पिवळ्या गाडीत दातांचा डॉक्टर ताटकळत बसला होता.

डॉक्टरनं हौसेनं गाडीला टर्बो बसवून घेतला होता. तक्रार एकच. पेडल दाबलं की गाडी आधी विचारात पडायची आणि मग एकदम लाथ घालायची. थोरल्यानं लहान टर्बो लावून पाहिला, पाइप आखूड केले, कॉम्प्युटरवरचं सेटिंग बदललं. लॅग, म्हणजे जोर यायला लागणारा उशीर, कमी झाला, पण गेला नाही. डॉक्टरनं आताही एकदा पेडल दाबलं आणि लगेच सोडलं.

“अहो, दाबता काय, सोडता काय!” थोरला खेकसला. “धुरानं चक्र फिरणार, चक्र हवा दाबणार, मग जोर येणार. दाबून जरा दम धरा की!”

“दम धरायला टर्बो कोण बसवतं?” डॉक्टर म्हणाला.

थोरला अण्णांपुढं वाकला, आणि नवशिका असताना विचारायचा तसं त्यानं विचारलं, “अण्णा, तुम्हीच सांगा. दाब कुठं मरतोय?”

“दोन,” अण्णा म्हणाले.

थोरल्याच्या अंगात वीज शिरली. दोन नंबरचा प्लग! डॉक्टरला इंजिन बंद करायला लावून, बोटं भाजत असताना त्यानं तो उपसून काढला. प्लग चकाचक होता. त्याची धुगधुगी तिथंच विझली, आणि आपण कुणाच्या बोलण्यावर धावलो म्हणून त्याला स्वतःचीच कीव आली.

धाकटी आत आली. गुडघ्यांवर बसून तिनं अण्णांच्या पायांत मोजे चढवले. “अण्णा, जाल ना नीट? माझा राग आलाय का हो?” उत्तरासाठी ती थांबली नाही. थांबणं सगळ्यांनीच कधीचं सोडलं होतं. ती पिशवी उचलायला वळली.

“माझा थोरला,” अण्णा म्हणाले.

थोरला प्लग हातात धरून तसाच उभा राहिला. हे आता कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं मघाशी, बाहेर, सिस्टरनं. त्यानं डॉक्टरच्या पेडलवरून उचललेल्या पायाकडे पाहिलं. आई देवाघरी. मुलं दोन.

“छोटे,” तो ओरडला, “अण्णा चुकत नाहीयेत गं! उशिरा पोचतायत!”

सिस्टर दारात आली होती. “असं जुळून येतं कधीकधी. आशा लावून घेऊ नका. गाडी खोळंबलीय.”

“दाबाचं उत्तर अजून यायचंय.” थोरला खुर्चीसमोर हात पसरून उभा राहिला. “तोवर कुणी काही विचारू नका. हात जोडतो.”

डॉक्टरनं गाडीतला रेडिओ बंद केला. गॅरेज कधी नव्हे ते चिडीचूप झालं. अण्णा शटरकडे बघत होते. बाहेर संस्थेच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आपणच वेड्यासारखं काहीतरी जोडत बसलोय, असं थोरल्याला वाटू लागलं.

“इंटरकूलरची नळी,” अण्णा म्हणाले. “खालून चिरलीय.”

थोरला गाडीखाली सरपटला. टर्बोची हवा इंजिनाकडं नेणाऱ्या त्या नळीत कॉम्प्रेसरची हवा भरून त्यानं साबणाचं पाणी मारलं. बंपरच्या मागं, जिथं त्यानं कधी बोट घातलं नव्हतं, तिथून बुडबुडे फुटायला लागले. तो तिथंच पडल्यापडल्या रडला. सिस्टर वाकली, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बुडबुडे पाहिले, आणि हातातला कागद फाडून टाकला.

“बाई उद्यापासून येतील,” ती म्हणाली.

डॉक्टरनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. थोरल्यानं झटकन बाहेर येऊन त्याच्या तोंडावर काळाकुट्ट पंजा ठेवला. कारण धाकटी पिशवी छातीशी धरून खुर्चीपाशी उभी होती. तिचं विचारून झालं होतं. आता ती थांबली होती.

“राग नाही गं,” अण्णा म्हणाले. “पण मी जाणार नाही.”